शंभरपट लहान सॅटर्न पाच

ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये आडवं ठेवलेलं सॅटर्न पाच, म्हणजे माणसाला चंद्रावर नेणारं रॉकेट, पाहिलं आणि ठरवलं, हे आपण हाताने बांधायचं. खरं रॉकेट ११० मीटरचं. एस्टेस या मॉडेल रॉकेटच्या कंपनीचं १:१०० किट उभं केलं की माझ्या कमरेच्या वर येतं.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे मोटर माउंट, रॉकेट उडवणारी इंधनाची नळी (मोटर) जिथे बसते तो भाग. पांढरा गोंद लावून पुठ्ठ्याची कडी नळीत सरकवताना ती निम्म्यात धरते, मग जागची हलत नाही. माझी पहिली नळी अशीच वाया गेली. म्हणून आधी पेन्सिलीने खूण करा, गोंद नळीच्या आत खुणेजवळ लावा आणि एका दमात ढकला.

रंगाचं म्हणाल तर आधी सगळं पांढरं. पूर्ण वाळलं की टेप लावून तिची कड नखाने घासा, कडेवर पांढऱ्याचाच पातळ हात द्या आणि मगच काळा. पट्टे सुरीने कापल्यासारखे येतात!

याचे पंख लहान, त्यामुळे तोल बघाच. मोटर आणि पॅराशूट भरून, तोलाच्या जागी दोरी बांधून गोल फिरवा. नाक पुढे राहिलं पाहिजे. नाहीतर नाकात वजन वाढवा.

उडवायच्या दिवशी पॅराशूटला टाल्कम पावडर लावा, खाली न जळणारा कागद भरा. मी डी१२-३ मोटर वापरते (डी हा ताकदीचा वर्ग, शेवटचा ३ म्हणजे जळण संपल्यावर पॅराशूट बाहेर पडेपर्यंतचे सेकंद). वाळलेलं गवत नको, वारा पडलेला हवा. सगळ्यांना निदान १५ फूट मागे घ्या, पाचपासून मोठ्याने उलटे आकडे मोजा आणि बटण दाबा.