कॉपर सॅलनचं क्रिस्टल स्ट्रक्चर: नवीन पीएचडीवाल्यांसाठी थोडं

लॅबमध्ये नवीन आलेली मुलं पहिलं हेच विचारतात की स्ट्रक्चर सॉल्व्ह करायला (एक्स-रे डेटावरून अणूंच्या जागा काढायला) कुठलं सॉफ्टवेअर शिकू. शेलएक्स, ओलेक्स दोन्ही हळूहळू जमतात हो, खरा वेळ क्रिस्टल वाढवण्यात जातो. सॅलिसिलाल्डिहाइड आणि एथिलीनडायअमीन मेथॅनॉलमध्ये घेतलं की पिवळा सॅलन लिगँड (धातूला धरणारा रेणू) लगेच पडतो, त्यात कॉपर ॲसिटेट टाकलं की गडद हिरवं चिलेट, म्हणजे कॉपर सॅलन, तयार, पण फिल्टर केलेली ती पावडर सिंगल क्रिस्टलसाठी काही कामाची नाही. ती सॉल्व्हंटमध्ये विरघळवून छोट्या व्हायलमध्ये घ्या, ती व्हायल ईथर असलेल्या मोठ्या बाटलीत ठेवा, ईथरची वाफ हळूहळू आत जाऊन क्रिस्टल वाढतात, आणि मग कृपा करून रोज हलवून बघू नका. ०.१ ते ०.३ मिमीचा, कडा स्वच्छ असलेला एक दाणा पुरतो. पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली फिरवताना तो सगळा एकदम काळा झाला पाहिजे, अर्धा उजळ राहिला तर दोन दाणे चिकटलेत.

एक्स-रे मशीन बहुतेकांच्या कॉलेजात नसतं, सॅम्पल बाहेर पाठवावं लागतं, तेव्हा क्रिस्टल सुकवून पाठवू नका, मदर लिकरमध्येच (ज्यात वाढला त्याच द्रावणात) राहू दे, आतलं सॉल्व्हंट उडालं तर क्रिस्टल पांढुरका पडतो आणि संपलं. तिथे तेलात उचलून १०० केल्विनच्या नायट्रोजन झोतात लावतात. युनिट सेल (क्रिस्टलमधला पुन्हापुन्हा येणारा ठोकळा) मिळाला की आधी केंब्रिज डेटाबेसमध्ये, म्हणजे आधीच्या स्ट्रक्चर्सच्या साठ्यात, शोधा, कितीदा तरी नुसता लिगँडच क्रिस्टलाइज झालेला असतो!

आता मुख्य गोष्ट. आर व्हॅल्यू (मॉडेल आणि डेटातला फरक) ५ टक्क्यांच्या खाली आली की लोक स्क्वेअर प्लेनर (कॉपरभोवती चार अणू एका सपाटीत) लिहून मोकळे होतात. कॉपर सॅलनमध्ये ॲसिमेट्रिक युनिटमध्ये (सिमेट्रीने बाकी सगळं ज्यातून तयार होतं तो भाग) एकच मॉलिक्यूल दिसतो, दोन नायट्रोजन दोन ऑक्सिजन, सगळं सपाट. पण सिमेट्रीने शेजारचा मॉलिक्यूल काढून बघा, त्याचा फिनॉलिक ऑक्सिजन कॉपरपासून साधारण २.४ अँगस्ट्रॉमवर येतो, म्हणजे तो डायमर (दोन मॉलिक्यूलची जोडी) आहे आणि कॉपर पाच-कोऑर्डिनेट, पाच अणूंना जोडलेला. १९६० च्या सुमाराला हे छापून आलंय, तरी लोक अजून एकट्या मॉलिक्यूलचंच चित्र लावतात. सॉफ्टवेअर हे आपणहून सांगत नाही, ‘ग्रो’ करून (सिमेट्रीने शेजारचे मॉलिक्यूल दाखवून) बघावंच लागतं.

शेवटी चेकसीआयएफ (स्ट्रक्चरची फाइल तपासणारा प्रोग्रॅम) चालवा, ए आणि बी म्हणजे गंभीर अलर्ट वाचून मगच सीसीडीसीत, म्हणजे केंब्रिज डेटाबेस चालवणाऱ्या संस्थेत, डिपॉझिट करा, डिपॉझिट नंबर फुकट मिळतो.