मेंदूच्या गाठींचे मार्कर: खान्देशातून या कामात येणाऱ्या मुलांसाठी

जळगाव-धुळ्याकडची मुलं ग्लायोमाच्या (मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठींच्या) मार्करवर, म्हणजे रोगाबद्दल काही सांगणाऱ्या खुणेवर, काम करायचंय म्हणून विचारायला येतात, तेव्हा मी आधी विचारते, तुमचा मार्कर कोणत्या प्रश्नाचं उत्तर देणार? आपल्याकडचा नातेवाईक रिपोर्ट हातात घेऊन दोन प्रश्न विचारतो. एक, "आते काय व्हई?", म्हणजे आता पुढे काय होणार? दुसरा, या औषधानं गुण येईल का? पहिल्याचं उत्तर देणारा मार्कर दुसऱ्याचंही देईलच असं नाही. मी याच जागी अडकले होते, म्हणून इथे जरा जास्त वेळ घेते.

आपल्या काळ्या कसदार जमिनीतली कपाशी कुठलीही फवारणी केली तरी बरी येते. त्यावरून फवारणीचा गुण ठरत नाही. तसंच गाठीचं: काही रुग्ण उपचार कुठलाही असो जास्त जगतात, त्यावरून औषधाचा गुण ठरत नाही.

आता २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली एमजीएमटीची आकडेवारी घ्या. हे प्रथिन टेमोझोलोमाइड या कर्करोगाच्या औषधाने गाठीच्या डीएनएवर केलेली इजा दुरुस्त करतं. त्याच्या जनुकाचा प्रमोटर (जनुक चालू-बंद करणारा भाग) मिथिलेटेड असला, म्हणजे त्यावर मिथाइलच्या रासायनिक खुणा असल्या, की ते बनत नाही आणि इजा टिकते. ग्लायोब्लास्टोमाच्या (ग्लायोमाच्या सर्वांत आक्रमक प्रकाराच्या) त्या चाचणीत मिथिलेशन असलेल्यांचं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) नुसत्या रेडिएशनवर १५.३ महिने होतं, टेमोझोलोमाइड जोडल्यावर २१.७. मिथिलेशन नसलेल्यांत ११.८ आणि १२.७. चारही आकडे वहीत चौकटीत मांडून बघा. सुरुवातीला औषध न मिळालेल्यांतही १५.३ आणि ११.८ असा फरक आहेच. तो रेडिएशनला जोडलेल्या औषधाचा नव्हे. औषधामुळे वाढलेले महिने मात्र एकीकडे सहाच्या वर, दुसरीकडे जेमतेम एक. औषधाच्या प्रतिसादाबद्दल बोलायचं तर ही दुसरी तुलना लागते.

आणि ती तुमच्याकडे बहुधा नसेल. २००५ नंतर टेमोझोलोमाइड प्रमाणित उपचार झालं, त्यामुळे रुग्णालयाच्या जुन्या फायलींत जवळजवळ सगळ्यांना ते मिळालेलं असतं. म्हणजे चौकटीतली दोनच घरं भरतात: २१.७ आणि १२.७ च्या जागची. त्यावरून "मिथिलेशनमुळे औषध लागू पडलं" असं प्रबंधात लिहू नका. परीक्षक सोडणार नाही, आणि सोडलं तरी ते चूकच. "या उपचारावर असलेल्यांत मिथिलेशन असणारे जास्त जगले" एवढं लिहा. तेही खरं काम आहे, त्यात कमीपणा काही नाही.

वेबसाइटवर जनुकाचं नाव टाकून दोन क्लिकमध्ये मिळणारा, किती रुग्ण किती काळ जगले ते दाखवणारा कॅप्लन-मायर आलेख मला आवडत नाही. वक्र छान दुभंगतो, पण कोणाला कोणता उपचार मिळाला ते त्यात दिसत नाही. शिवाय २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणानुसार प्रौढांतल्या आयडीएच-म्युटंट (आयडीएच जनुकात बदल, म्हणजे म्युटेशन, झालेल्या) गाठीला ग्लायोब्लास्टोमा म्हणत नाहीत. माहितीच्या जुन्या संचांत मात्र म्युटेशन असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही गाठी एकाच नावाखाली सापडतात. ते वेगळे न करता काढलेला मार्कर बहुतेक वेळा आयडीएचचीच सावली असतो. गाइड निवडताना किती पेपर छापलेत ते मोजू नका, स्लाइड स्वतः मायक्रोस्कोपखाली दाखवणारा आणि "हे कशावरून?" विचारणारा माणूस शोधा.

आयडीएच१ आर१३२एच (सर्वांत जास्त आढळणारं आयडीएच म्युटेशन) शोधणारी अँटिबॉडी निगेटिव्ह आली म्हणून म्युटेशन नाही असं गृहीत धरू नका, विशेषतः पंचावन्नच्या आतल्या रुग्णात. बाकीची म्युटेशन्स सिक्वेन्सिंगवर, म्हणजे डीएनएचा क्रम वाचून, सापडतात.

नमुन्यांबद्दल थोडं. आपल्याकडचे ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) पुढच्या तपासणीला अनेकदा नातेवाइकांच्या पिशवीतून मुंबईला जातात. मे महिन्यात ते उन्हातल्या गाडीत राहू देऊ नका, हे त्यांना समजावून सांगा. गाठ फॉर्मॅलिनमध्ये दिवसेंदिवस पडून राहिली तर डीएनए तुटतो, आणि मिथिलेशन तपासण्यासाठीची बायसल्फाइट ही रासायनिक प्रक्रिया उरलेलाही झिजवते. म्हणून गाठ फॉर्मॅलिनमध्ये कधी टाकली आणि कधी काढली, ही वेळ नोंदवहीत लिहायला सांगा. जिल्ह्याच्या ठिकाणीही हे होऊ शकतं, त्याला महागडं यंत्र लागत नाही. आणि रिपोर्ट वाचताना मिथिलेशन कोणत्या पद्धतीने तपासलं ते आधी बघा. पायरोसिक्वेन्सिंग या पद्धतीचा टक्का आणि एमएस-पीसीआर या पद्धतीचं हो-नाही एकाच रकान्यात भरू नका.