शेजारच्याचा ट्रक आपल्या खिडकीसमोर उभा राहतो, तर नक्की काय करायचं

सगळ्यात आधी, आज रात्री काहीच करू नका. चिडलेल्या डोक्याने त्यांच्या गेटवर जाऊन आवाज चढवून आलात ना, की पुढचे सहा महिने भांडण ट्रकचं राहत नाही, तुम्ही त्या रात्री काय बोललात त्याचं होतं. मी हे करून बसलेय म्हणून सांगतेय.

आमच्या शेजारी एक काका राहायला आले आणि त्यांच्यासोबत त्यांचा सहाचाकी ट्रक आला. उभा राहायचा त्यांच्याच ड्राइव्हवेवर, म्हणजे घरासमोरच्या गाडी लावायच्या पट्ट्यावर, जागा त्यांची, त्यावर माझं काही म्हणणं नाही, पण पहाटे पाचला चालू व्हायचा आणि मग पंधरा-वीस मिनिटं नुसता धडधडत उभा, माझ्या बेडरूमच्या काचा थरथरायच्या. मला खात्रीच होती की हा माणूस गाडी चालू करून आत जाऊन निवांत आंघोळ उरकतो. तसं काही नव्हतं हे कळायला मला चार महिने लागले, ते का ते पुढे सांगते.

तर काम कुठून सुरू करायचं, एक कागद घ्या आणि तक्रार लिहून काढा, पण एक अट, "एवढी मोठी गाडी" हे शब्द वापरायचे नाहीत. आता काय उरतं बघा. "पहाटे पाचला वीस मिनिटं इंजिन चालू असतं", "मागचा भाग फुटपाथवर येतो", "आमची कार बाहेर काढताना डावीकडचा रस्ता दिसत नाही", "सामायिक ड्राइव्हवेवर ऑइल गळतं", असं काही उरलं तर बोलण्यासारखं काहीतरी आहे. आणि कागद कोराच राहिला तर तुमची तक्रार एवढीच आहे की ती गाडी दिसायला वाईट दिसते. चालेल, तसं वाटू शकतं, मलाही वाटायचं, पण त्या मुद्द्यावर हातात फारसं काही नसतं आणि हे काही आजचं नाही. इंग्लंडमध्ये १६१० साली विल्यम ऑल्ड्रेड नावाच्या माणसाची केस झाली होती, शेजाऱ्याने त्याच्या घराला लागून डुकरांचा गोठा बांधला होता, आणि कोर्टाने वासाची तक्रार मान्य केली, पण त्याच निकालात हेही म्हटलं की नुसतं खिडकीतून दिसणारं दृश्य गेलं म्हणून दावा करता येत नाही. ज्या देशांचे कायदे इंग्लिश कायद्यातून आलेत तिथे अजूनही साधारण हाच सूर असतो. तुमच्या सोसायटीचा किंवा खरेदीखतातला नियम वेगळा असेल तर गोष्ट वेगळी.

मग टेप घ्या आणि मोजा, अंदाजाने बोलू नका. साधी कार ४ ते साडेचार मीटर लांब असते, उंच टपाची मोठी व्हॅन सहज ६ मीटरच्या आसपास जाते आणि उंची अडीच मीटरच्या वर, त्यामुळे कारच्या हिशोबाने केलेल्या साडेपाच मीटरच्या ड्राइव्हवेवर ती मावतच नाही. चाकं आत दिसतात म्हणून मालकाला वाटतं गाडी आत आहे, पण मागच्या चाकाच्या मागे बॉडी मीटर-दीड मीटर लटकत असते आणि ती फुटपाथवर येते. हे नुसतं गैरसोयीचं नाही हां, पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या माणसाची काठी जमिनीलगत फिरते, तिला चाक लागतं, वर छातीच्या उंचीला आलेला पत्रा लागत नाही. हा एक मुद्दा मी मालकांना सांगितला की बहुतेक जण लगेच गाडी पुढे घेतात, कारण त्यांच्या डोक्यातच आलेलं नसतं.

रस्ता दिसण्याचा मुद्दा असेल तर स्वतःच्या कारमध्ये बसून बघा. ड्रायव्हरचे डोळे बॉनेटच्या टोकापासून साधारण दोन मीटर मागे असतात, म्हणजे बाजूला उंच गाडी असेल तर तुम्हाला रस्ता दिसेपर्यंत तुमचं बॉनेट दोन मीटर रस्त्यात गेलेलं असतं. मग खाली उतरून गुडघ्यावर बसा, लहान मुलाच्या उंचीवरून काय दिसतं ते बघा. असे दोन फोटो काढून ठेवा, एक बसलेल्या डोळ्यांच्या उंचीवरून आणि एक मुलाच्या. बऱ्याचदा गाडी नुसती एक मीटर मागे सरकवली तरी प्रश्न मिटतो, गाडी हटवायची गरजच नसते.

आवाजासाठी दोन आठवड्यांची वही ठेवा. तारीख, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, कसला आवाज. ज्या दिवशी काहीच झालं नाही तो दिवसही लिहा, कारण फक्त वाईट दिवस लिहिलेली वही कुणी खरी मानत नाही, आणि दुसरं म्हणजे तुम्हालाच कळतं की "रोज" म्हणजे आठवड्यातून तीन वेळा होतं. फोनमधल्या आवाज मोजायच्या ॲपवर फार जाऊ नका, तो माइक मोजमापासाठी बनवलेला नाही, आकडा इकडेतिकडे होतो, पण इंजिन बंद असताना किती आणि चालू असताना किती हा फरक बघायला बरं आहे. दहा डेसिबल वाढले की कानाला साधारण दुप्पट वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये झोपेच्या खोलीसाठी सरासरी ३० डेसिबल आणि मधेच येणाऱ्या एकेका आवाजासाठी ४५ असा आकडा सुचवला होता, म्हणजे खिडकीखाली डिझेल इंजिन असताना झोप मोडते ही तुमची नाजूकपणाची लक्षणं नाहीत.

आता नियम. ते बोलायला जायच्या आधी वाचा, पण बोलायला जाताना कागद हातात नेऊ नका, दोन्ही गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या. फुटपाथ किंवा रस्ता अडतोय तर ते ट्रॅफिक पोलिसांचं काम. घरगुती वस्तीत धंद्याची गाडी उभी करता येते का हे स्थानिक प्रशासनाचं. सोसायटी असेल तर तिची नियमावली. आणि ज्याकडे कुणी बघत नाही ते म्हणजे घराचं खरेदीखत किंवा भाडेकरार, त्यात कधी कधी स्पष्ट लिहिलेलं असतं की समोर ट्रेलर, बोट, कॅम्पर (आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) ठेवायचा नाही. वाचताना व्याख्या नीट बघा. "व्यावसायिक वाहन" म्हणजे काय, रजिस्ट्रेशनवरून ठरतं, वजनावरून, की बॉडीवर कंपनीचं नाव रंगवलंय यावरून? वजनाचा नियम असेल तर तो बहुतेक वेळा भरलेल्या गाडीच्या कमाल वजनाचा असतो, रिकाम्या गाडीच्या नाही, बऱ्याच देशांत ही रेघ ३,५०० किलोवर मारलेली आहे, आणि रिकामी दिसणारी व्हॅनसुद्धा कागदावर त्या रेघेवर बसलेली असते. "उभी करणे" आणि "ठेवून देणे" यातही फरक असतो, कामावरून येऊन रात्री उभी राहणारी गाडी वेगळी आणि महिनोन्‌महिने न हललेला कॅम्पर वेगळा.

बोलायला कधी जायचं, तर गाडी धडधडत असताना नाही. सुट्टीच्या दिवशी, माणूस निवांत असताना, आणि एकट्याने, सोबत बाजूच्या चार घरांना घेऊन नाही, मोर्चा आला की कुणीही दार लावून घेतं. आणि वाक्य तक्रारीचं नको, प्रश्नाचं हवं. मी शेवटी चार महिन्यांनी गेले तेव्हा एवढंच म्हटलं, "काका, एक विचारायचं होतं, सकाळी गाडी इतका वेळ चालू का ठेवावी लागते?"

काका म्हणाले, "अगं, हवा भरायला लागते ना. हवा झाल्याशिवाय ब्रेकच सुटत नाही."

मला काही कळलं नाही तर मला केबिनमध्ये चढवून काटा दाखवला. तर असं असतं की मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, आणि उभ्या गाडीचा ब्रेक जाड स्प्रिंगने लागलेला असतो, तो सोडवायला टाकीत हवेचं प्रेशर लागतं. इंजिन चालू झालं की कंप्रेसर हवा भरतो, प्रेशर साधारण ६० पीएसआयच्या (टायरची हवा मोजतात तेच माप) खाली असेल तर केबिनमध्ये बझर वाजत राहतो, आणि तोपर्यंत गाडी हलवायची नाही. पण टाकी रात्रीतून रिकामीच का होत होती? कारण कुठेतरी गळत होती. काकांना ते माहीत होतं, गॅरेजला न्यायचं राहत होतं, आणि पहाटेची वीस मिनिटं ही त्यांचीही डोकेदुखीच होती, डिझेल जळत होतं ते वेगळंच. त्या रविवारी त्यांनी साबणाचं पाणी करून ब्रशने एकेका जोडावर लावलं, मी टॉर्च धरून उभी, आणि मागच्या एका व्हॉल्व्हपाशी फसफस बुडबुडे यायला लागले. तो बदलल्यावर सकाळचं काम चार मिनिटांवर आलं. मी ज्या माणसाला चार महिने मनातल्या मनात शिव्या घालत होते त्याला मी आंघोळीच्या नावाखाली गुन्हेगार ठरवलं होतं, असो.

मुद्दा असा की मोठ्या गाडीच्या प्रत्येक त्रासामागे काहीतरी यंत्र असतं आणि त्या यंत्राला बहुतेक वेळा उपाय असतो, तो मागा. रिव्हर्सचा पीं-पीं आवाज पहाटे झोप मोडतो? मग संध्याकाळी येतानाच गाडी रिव्हर्सने आत घ्यायला सांगा, सकाळी सरळ नाक पुढे करून निघते, पीं-पीं होतच नाही. ते जमत नसेल तर त्या पीं-पींऐवजी खरखर आवाज करणारे रिव्हर्स अलार्म मिळतात, त्यांचा आवाज गाडीच्या मागे ऐकू येतो पण लांबवर टोचत नाही. फ्रिजची गाडी असेल तर तिचा कंप्रेसर रात्रभर चालू-बंद होत राहतो, पण अशा बऱ्याच युनिटना विजेच्या प्लगवर चालवायची सोय असते, मग डिझेल बंद. ताडपत्री वाऱ्याने फडफडते तर दोरी कसायला सांगा. ऑइल गळतं तर खाली ट्रे. एका वेळी एकच मागणी करा, जी पंधरा दिवस करून बघता येईल अशी, आणि बोलणं झाल्यावर साधा मेसेज टाका, "काका, आज बोलल्याप्रमाणे गाडी रिव्हर्सने लावताय, थँक्यू", म्हणजे उद्या कोण काय बोललं याचा वाद नको.

सामायिक ड्राइव्हवे असेल तर प्रकरण जरा किचकट. तिथे दोघांना सहसा ये-जा करायचा हक्क असतो, आणि ये-जा करायचा हक्क म्हणजे गाडी उभी करून ठेवायचा हक्क नव्हे, हे दोन्ही बाजूंनी कागद काढून एकदा बघाच. भेगा कुणी भरायच्या हा तर ठरलेला वाद. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० मध्ये खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक चालवून एक मोठी चाचणी झाली होती, त्यातून निघालेला ढोबळ हिशोब असा की ॲक्सलवरचं, म्हणजे चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यावरचं, वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट नाही, सोळा पटीच्या आसपास होतं. त्यामुळे "तुमची पण गाडी जाते ना, निम्मे निम्मे भरू" हा हिशोब ट्रकवाल्याला सोयीचा आहे पण बरोबर नाही. ट्रक यायच्या आधीचे फोटो असतील तर जपून ठेवा, नसतील तर आजचे काढा, भेगेशेजारी पट्टी ठेवून.

जे करायचं नाही ते पटकन सांगते. टायरची हवा सोडायची नाही, त्यांच्या तोंडाशी आपली कार अडवून लावायची नाही, काचेवर चिठ्ठी चिकटवायची नाही, सोसायटीच्या ग्रुपवर नंबर प्लेटसकट फोटो टाकायचा नाही. यातलं काहीही केलं की तक्रार तुमच्यावर. फोटो काढताना त्यांची मुलं, घराचा आतला भाग येऊ देऊ नका.

आणि तुम्हीच ट्रकवाले असाल तर? तर राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात बाजूच्या घरी जाऊन सांगा की मी पहाटे निघतो, त्रास झाला तर मला फोन करा. सगळी भांडणं टळत नाहीत, पण तोंडओळख असलेल्या माणसाचा आवाज अनोळखी माणसाच्या आवाजापेक्षा कमी टोचतो. गाडी उतारावर उभी असेल तर चाकाला लाकडी गुटका लावा. आणि इन्शुरन्सवाल्यांना रात्री गाडी कुठे असते ते खरं सांगितलंय ना, ते तपासा.

बोलून झालं, पंधरा दिवस झाले, काहीच फरक नाही, मग लिहा. एक पान, त्रास काय, वहीतल्या तारखा, तुम्ही काय मागताय आणि कधीपर्यंत. त्यानंतर दोघांना मान्य असलेला तिसरा माणूस किंवा मध्यस्थी केंद्र, मग सोसायटी, मग प्रशासन, आणि कोर्ट अगदी शेवटी. ज्याचं काम त्याच्याकडेच जा, फुटपाथची तक्रार सोसायटीकडे आणि ऑइलची पोलिसांकडे नेलीत तर दोन्हीकडून परत येते. आणि लेखी तक्रारीआधी एवढं माहीत असू द्या की काही ठिकाणी घर विकताना शेजाऱ्याशी झालेले वाद खरेदीदाराला सांगावे लागतात.

शेवटचं एक, काकांचा नंबर सेव्ह करून ठेवा. रात्री त्यांच्या ट्रकचे लाइट चालू राहिलेले दिसले तर लगेच फोन करा. बऱ्याच ट्रकना दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टची सिस्टीम असते, सकाळी त्या उतरल्या तर तुमच्या १२ व्होल्टच्या कारने जंप स्टार्ट होत नाही, आणि मग तो ट्रक दिवसभर तुमच्याच खिडकीसमोर.