उन्हाळ कांदा साठवताना आणि विकताना या चुका टाळा

महाराष्ट्रात कांदा तीन हंगामांत येतो. खरिपाचा लाल कांदा दिवाळीच्या आसपास बाजारात येऊ लागतो, रांगडा जानेवारी ते मार्चमध्ये निघतो आणि रब्बीचा, म्हणजे उन्हाळ कांदा, मार्चअखेरपासून मेपर्यंत काढला जातो. पहिल्या दोन हंगामांचा कांदा टिकत नसल्यामुळे काढला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा मात्र योग्य निगा राखल्यास चार ते पाच महिने चाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर मांडवात, राहतो आणि जून ते ऑक्टोबर या काळात देशाची बहुतेक गरज त्याच्यावरच भागते. विजेचा एक युनिटही न वापरता शेतातच साठवता येतील आणि ज्यांच्या बळावर शेतकऱ्याला बाजारात थोडे थांबता येईल, अशी नाशवंत पिके फार थोडी आहेत. नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर या पट्ट्यातील शेतकऱ्यांसाठी हे थांबणे हाच खरा व्यवसाय आहे, आणि तरीही तो बहुतेक वेळा कागदावर हिशेब न मांडता केला जातो.

भाव पाहिला, वजन विसरले

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. एप्रिलमध्ये बाराशे रुपये क्विंटलने जाणारा कांदा ऑगस्टमध्ये सतराशेने गेला, म्हणजे क्विंटलमागे पाचशे रुपये सुटले, असा समज सर्रास आढळतो. चाळीत मात्र कांद्याचे वजन रोज घटत असते. पाणी उडून जाते, काही कांदा सडतो, काहीला कोंब फुटतात. साध्या चाळीत चार-पाच महिन्यांत तीस ते चाळीस टक्के घट येणे नवलाचे नाही.

उदाहरण म्हणून 100 क्विंटल कांदा घेऊ. एप्रिलमध्ये 1,200 रुपयांनी विकला असता तर 1,20,000 रुपये हातात आले असते. चार महिन्यांत तीस टक्के घट धरली तर 70 क्विंटल उरतो. अडकलेल्या रकमेवर बारा टक्के दराने चार महिन्यांचे व्याज 4,800 रुपये, चाळ भरणे, निवडणे आणि पुन्हा भरणे यांची मजुरी समजा 8,000 रुपये आणि चाळीच्या वार्षिक झिजेचा वाटा 5,000 रुपये. एकूण 1,37,800 रुपये झाले. ते 70 क्विंटलमधून वसूल करायचे असतील, तर किमान 1,970 रुपये भाव मिळायला हवा. सतराशेने विकल्यास 1,19,000 रुपयेच मिळतात, म्हणजे चार महिने राखण करून एप्रिलपेक्षाही कमी रक्कम हाती येते. हीच घट वीस टक्क्यांवर ठेवता आली, तर बरोबरीचा भाव, म्हणजे ज्या भावाला साठवणुकीत ना नफा ना तोटा, 1,725 रुपयांच्या आत येतो. चाळीस टक्क्यांवर गेली, तर 2,300 रुपयांजवळ जातो. घटीच्या प्रत्येक दहा टक्क्यांची किंमत यातून दिसते, आणि चाळीवर केलेला खर्च कुठून भरून निघतो हेही समजते. यातील आकडे प्रत्येकाने आपापले घालावेत, पण चाळ भरण्याच्या दिवशी बरोबरीचा भाव काढून तो वहीत लिहून ठेवावाच.

या हिशेबात उत्पादन खर्च मुद्दाम धरलेला नाही. बियाणे, लागवड, खते, काढणी यांवरचा पैसा आज विकले तरी गेलेला असतो आणि ऑगस्टमध्ये विकले तरी गेलेलाच असतो. ‘खर्च निघत नाही म्हणून चाळीत टाकतो’ हे कारण म्हणूनच फसवे आहे. आजच्या भावाच्या तुलनेत पुढचा भाव घट आणि व्याज भरून काढेल का, एवढाच प्रश्न साठवणुकीच्या निर्णयात विचारायचा असतो. खर्च न निघण्याचे दुःख खरे आहे, आणि त्याबद्दल शासनाला जाब विचारायलाच हवा. परंतु त्या दुःखापोटी न टिकणारा माल चाळीत भरला, तर एका तोट्याचे दोन होतात.

कमाल दरावर बेत आखणे

बाजार समितीच्या रोजच्या दरपत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे असतात. गावात चर्चा होते ती कमाल दराची, आणि मोबाईलवर फिरतो तोही तोच. हा दर कदाचित एखाद-दुसऱ्या ट्रॉलीला मिळालेला असतो. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात मोकळा कांदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लिलावाला उभा राहतो. व्यापारी कांदा हातात घेऊन त्याची पत्ती (वरचे कोरडे साल), रंग, आकार आणि मान (जिथून पात निघते तो भाग) पाहतो आणि मग बोली लावतो. ट्रॉलीत गोल्टी (बारीक कांदा), जोड कांदा आणि पत्ती सुटलेला माल मिसळलेला असेल, तर बोली चांगल्या कांद्यावर लागत नाही, मिसळलेल्यावर लागते. निवड करून प्रतीनुसार दोन वक्कल (मालाचे गट) वेगळे नेले, तर हा फरक बराच कमी होतो.

तरीही सगळा माल पहिल्या प्रतीचा निघत नाही. वरच्या 70 क्विंटलपैकी 55 क्विंटल 1,900 रुपयांनी आणि 15 क्विंटल हलका माल 900 रुपयांनी गेला, तर सरासरी 1,686 रुपयेच पडते. ‘एकोणीसशेचा भाव मिळाला’ असे सांगणाऱ्या शेतकऱ्याचाही बरोबरीचा भाव सुटलेला नसतो. हिशेबपट्टी, म्हणजे विक्रीची पावती, हातात आली की एकूण रकमेतून वाहतूक आणि कपाती वजा कराव्यात, उरलेल्या रकमेला चाळीत भरलेल्या मूळ क्विंटलने भागावे आणि मग एप्रिलच्या भावाशी तुलना करावी. चाळ भरताना वजन केले नसेल, तर हे शक्यच होत नाही. निदान ट्रॉल्या मोजून आणि एका ट्रॉलीचे वजन काट्यावर करून अंदाज तरी नोंदवून ठेवावा.

चाळ भरण्याआधीच बिघडलेला कांदा

चाळीत सडणाऱ्या कांद्याचे मूळ बहुधा शेतातच असते. लागवडीनंतर साठ दिवसांनी युरिया टाकला की कांदा फुगतो आणि वजन वाढल्यासारखे दिसते, पण मान जाड राहते. जाड मानेचा कांदा नीट वाळत नाही आणि रोगजंतूंना त्या मानेतूनच वाट मिळते. काढणीपूर्वी दोन आठवडे पाणी तोडायचे असते. भाव चढलेला असताना वजनासाठी शेवटचे पाणी देण्याचा मोह होतो आणि त्याची भरपाई जुलैमध्ये सडलेल्या कांद्याने करावी लागते. वाणाकडेही लक्ष हवे. एन-2-4-1, अॅग्रिफाउंड लाइट रेड, राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचे भीमा किरण आणि भीमा शक्ती हे रब्बीत टिकणारे वाण आहेत. बसवंत 780 हा खरिपाचा वाण असून तो साठवणुकीसाठी धरू नये.

साधारण निम्म्या माना पडल्यावर, म्हणजे निम्म्या कांद्यांची पात आडवी झाल्यावर, काढणी करावी. काढलेला कांदा तीन ते पाच दिवस पातीसकट शेतात ठेवावा आणि एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे कांदे झाकले जातील अशी मांडणी करावी, म्हणजे ऊन थेट कांद्यावर पडत नाही. त्यानंतर तीन ते चार सेंटीमीटर मान ठेवून पात कापावी. मजुरी वाचवण्यासाठी ओली पात मुळाशी कापून टाकण्याची घाई अनेक जण करतात आणि त्या उघड्या जखमेतूनच सड सुरू होते. पात कापल्यावर कांदा दहा-पंधरा दिवस सावलीत पातळ थरात सुकवावा. याच वेळी जोड कांदे, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे), चिरलेले आणि जाड मानेचे कांदे बाजूला काढून लगेच विकावेत. साठवणुकीला मध्यम आकाराचा, म्हणजे 55 ते 75 मिलिमीटर व्यासाचा कांदा उत्तम.

अवकाळी पावसात भिजलेल्या कांद्याबाबत निर्दय व्हावे लागते. 2025 च्या मे महिन्यात राज्यात पाऊस फार लवकर आला आणि काढणीला आलेला कांदा अनेक ठिकाणी शेतातच भिजला. असा माल सुकल्यासारखा दिसला, तरी तो चांगल्या कांद्याबरोबर चाळीत घालू नये. मिळेल त्या भावाने तो आधी विकणे हा तोटा आटोक्यात ठेवण्याचा मार्ग आहे.

चाळीची रचना

जमिनीवर ढीग लावून कडेला कुड (काटक्यांची भिंत) उभारणे याला साठवणूक म्हणता येत नाही. कांद्याखालून हवा खेळली पाहिजे, म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच ठेवतात. थराची रुंदी चार फूट आणि उंची पाच फुटांपर्यंत असावी. जागा उरली म्हणून उंची वाढवली, की तळाचा कांदा दाबाने आणि उष्णतेने खराब होतो. एक पाखी (कांद्याची एकच रांग असलेली) चाळ दक्षिणोत्तर आणि दोन पाखी (दोन रांगांची) चाळ पूर्व-पश्चिम बांधावी. पावसाची झड येऊ नये म्हणून बाजूने प्लास्टिकचा कागद लावतात, तो पाऊस उघडताच गुंडाळला पाहिजे. आठवडाभर तसाच राहिला, तर आतला दमटपणा पावसाच्या झडीपेक्षा अधिक नुकसान करतो.

चाळ काय सांगते आहे

जून-जुलैमध्ये एका कप्प्यातून कुबट वास येत असेल किंवा तळाच्या फळ्यांखाली ओल ठिबकलेली दिसत असेल, तर तो कप्पा त्याच आठवड्यात फोडून निवडावा. एक सडका कांदा भोवतालचे कांदे ओले करतो आणि सड वर चढत जाते, त्यामुळे वरून कोरडा दिसणारा थर भरवशाचा नसतो. बाहेरच्या पत्तीवर काळी भुकटी दिसली, तर ती काजळी, म्हणजे काळी बुरशी, आहे. ती दमट, कोंदट हवेत वाढते. अशा वेळी हवा मोकळी करावी आणि तो माल पुढे न ठेवता आधी विकावा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हवा थंडावली की कोंब फुटू लागतात. कोंब दिसायला लागल्यावर भाव वाढण्याची वाट पाहणे परवडत नाही. विकिरण केलेल्या, म्हणजे गॅमा किरणांचा मारा केलेल्या, कांद्याला कोंब येत नाहीत, आणि लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ प्रकल्प त्यासाठीच आहे. परंतु विकिरणाने सड थांबत नाही, ही बाब ध्यानात ठेवूनच तो खर्च करावा.

सगळा कांदा एका दिवसाच्या भावावर लावणे

कांद्याचा भाव केवळ आवकेवर ठरत नाही. 19 ऑगस्ट 2023 रोजी केंद्र सरकारने निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावले, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून कमी दराने निर्यात करता येत नाही) ठरवले आणि 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. ती बंदी 4 मे 2024 रोजी उठली, शुल्क मात्र 1 एप्रिल 2025 पर्यंत कमी-अधिक प्रमाणात राहिले. 2019 आणि 2020 च्या सप्टेंबरमध्येही बंदी आली होती. चाळीतला कांदा चढ्या भावाला निघू लागतो, नेमक्या त्याच महिन्यांत हे निर्णय येतात, आणि हा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे. पिकवणाऱ्याने चार महिने जोखीम उचलायची आणि भाव सुधारताच दार बंद व्हायचे, हे कोणत्याही व्यवसायात चालणार नाही.

परंतु हे धोरण बदलेपर्यंत शेतकऱ्याला त्यातच मार्ग काढायचा आहे. म्हणून माल तीन-चार टप्प्यांत विकावा. घरखर्च, खरिपाची पेरणी आणि पीककर्जाची परतफेड यांना लागेल तेवढा कांदा काढणीलाच विकावा, म्हणजे उरलेला माल गरजेपोटी पडत्या भावात काढावा लागत नाही. बरोबरीचा भाव ओलांडला की एक कप्पा फोडावा. शेवटचा टप्पा कर्नाटक आणि आंध्रातला नवा खरीप कांदा, तसेच राजस्थानातील अलवरचा माल जोरात सुरू होण्याआधी संपवावा.

कागदपत्रांतील ढिलाई

चाळीच्या अनुदानासाठी महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यानंतरच बांधकाम सुरू करावे लागते. आधी बांधून मागाहून अर्ज करणाऱ्यांचे प्रस्ताव अडकतात. पीक पेऱ्याची नोंदही तितकीच महत्त्वाची आहे. 2023 मध्ये भाव कोसळल्यावर राज्य शासनाने क्विंटलमागे 350 रुपये, कमाल 200 क्विंटलपर्यंत, अनुदान दिले. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नसलेल्या कितीतरी शेतकऱ्यांना त्यासाठी महिनोन्‌महिने खेटे घालावे लागले. रब्बीची ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची सातबाऱ्यावर नोंद, मुदतीत करावी, प्रत्येक विक्रीची मूळ हिशेबपट्टी जपून ठेवावी आणि पट्टीवरचे नाव सातबाऱ्यावरील नावाशी जुळते आहे का, हे बाजारातून निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.