अडचणीच्या जागेत ड्राइव्ह बेल्ट बदलताना

ड्राइव्ह बेल्ट म्हणजे गाडीच्या इंजिनाच्या जोरावर अल्टरनेटरसारखे भाग फिरवणारा रबरी पट्टा. जुना बेल्ट काढण्याआधी तो कोणत्या पुलीवरून कसा फिरलाय याचा मोबाइलवर फोटो काढा. एकदा सुटला की रचना आठवत नाही.

इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. वरून हात जात नसेल तर पुलींच्या बाजूचं पुढचं चाक आणि आतलं प्लॅस्टिकचं कव्हर काढा, बऱ्याच आडव्या बसवलेल्या इंजिनांत तिथून जागा मिळते. मात्र गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हात घालू नका, खाली आधाराचा स्टँड हवाच.

टेन्शनर (बेल्ट ताणून ठेवणारा भाग) आपोआप ताण धरणारा असेल तर तो फिरवून बेल्ट सैल करायला लांब, चपट्या दांड्याचा पाना वापरा. साध्या रॅचेटचं (एकाच दिशेने आवळणाऱ्या पान्याचं) डोकं जाड असतं, ते फटीत मावत नाही. बेल्ट निघाल्यावर टेन्शनर आणि आयडलर पुली (बेल्टला फक्त वाट दाखवणारी पुली) हाताने फिरवून पाहा. खरखर आली तर त्याही आत्ताच बदला, पुन्हा एवढी खटपट कोण करणार?

नवा बेल्ट सगळीकडे बसवून सर्वांत शेवटी हाताला सोप्या, गुळगुळीत पुलीवर चढवा. खाचा असलेल्या पुलीवर तो एका खाचेनेही सरकलेला नको. डोळ्यांना दिसत नसेल तिथे बोट फिरवून खात्री करा.