भेदरलेल्या भटक्या कुत्र्याला माणसाळवून घर कसं मिळवून द्यावं

निवाऱ्यात आणलेला कुत्रा पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसतो, अन्नाला तोंड लावत नाही, माणूस दिसला की भिंतीकडे तोंड फिरवतो. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे 'जवळ घ्या, प्रेम द्या, सगळं ठीक होईल', आणि दुसरा म्हणजे 'याचं काही होणार नाही'. दोन्ही सल्ले पहिल्याच दिवशी दिले जातात, आणि पहिल्या दिवशी दिसतो तो फक्त धक्का. कुत्र्याचा स्वभाव त्यानंतर कळायला लागतो.

लस, जंतांचं औषध, गोचीड-पिसवांचा बंदोबस्त, नसबंदीचं वेळापत्रक हे सगळं झालंय असं धरून चालू. एक तपासणी मात्र नेहमी राहून जाते, ती दुखण्याची. कानातला जुना संसर्ग, किडलेला दात, कंबरेचं दुखणं किंवा कधीतरी मोडून वाकडा जुळलेला पाय असेल, तर कुत्रा हात लावू देत नाही आणि आपण त्याला भित्रा ठरवून मोकळे होतो. नीट तपासायला चारजणांनी दाबून धरावं लागणार असेल, तर डॉक्टरांकडून भूल देऊन तपासा. दाबून धरल्याची पाच मिनिटं पुढचे पंधरा दिवस नासवतात.

कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजची लस सुरू करा आणि कुत्र्याला 10 दिवस वेगळं ठेवून लक्ष ठेवा. तोवर दत्तक देण्याचा विषयच काढू नका.

पहिले तीन दिवस

काहीही करू नका. रांगेतला शेवटचा, कमी वर्दळीचा पिंजरा द्या. पुढच्या जाळीचा अर्धा भाग चादरीने झाका. आत शिरून लपता येईल असं आडवं खोकं ठेवा. खोक्यात लपलेला कुत्रा बाहेर येत नाही म्हणून खोकंच काढून घेणारे लोक असतात. असं करू नका. लपायची सोय असली की बाहेर येण्याचं धाडस लवकर होतं. अन्न-पाणी रोज एकाच माणसाने, ठरलेल्या वेळी द्यावं. कुत्रा आत असताना पाण्याचा पाइप मारून पिंजरा धुऊ नये. घाण झाली असेल तेवढीच जागा पुसून घ्यावी.

एखादा जुना मोबाइल किंवा कॅमेरा लावून रात्रीचं चित्रण मात्र करा. दिवसभर थिजून बसलेला कुत्रा माणसं गेल्यावर उठून फिरतो, शेजारच्या कुत्र्याला हुंगतो, शेपूट वर करून अन्न खातो, तर त्याला भीती माणसांची आहे. रात्रीही तो जागचा हलत नसेल, तर त्याला सगळ्याच नव्या गोष्टींची भीती आहे. दोघांचे रस्ते वेगळे असतात. पहिल्या कुत्र्याच्या बाबतीत मेहनत माणसांची सवय लावण्यावर घ्यायची, तर दुसऱ्याला आधी शांत जागा, ठरलेला दिनक्रम आणि बहुतेकदा औषधही लागतं.

पारख

किती घाबरतो ते मोजू नका, सावरायला किती वेळ घेतो ते मोजा. भांडं पडलं, कुत्रा दचकला, आणि अर्ध्या मिनिटात मान वळवून आवाजाकडे पाहू लागला, तर आशा भरपूर आहे. तोच कुत्रा अर्ध्या तासानंतरही कोपऱ्यातच असेल, तर काम लांबणार. नोंदवहीत चौथ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी हेच लिहा: माणूस किती फुटांवर असताना खातो, दचकल्यावर किती वेळात सावरतो, स्वतःहून हुंगायला पुढे येतो का, आणि शांत कुत्रा जवळ असताना काय फरक पडतो. निर्णय एका दिवसाच्या आकड्यावर घेऊ नका. तीन नोंदींमध्ये आकडे कुठल्या दिशेला सरकले ते पाहा.

'भित्रा', 'आक्रमक', 'गोड' असले शब्द नोंदीत नकोत. 'पाच फुटांवर खातो, तीन फुटांवर तोंड फिरवतो, डोक्यावर हात आला की गुरगुरतो' असं लिहिलं की दुसऱ्या पाळीतल्या माणसाला काम करता येतं.

सर्वात जास्त फसवणूक होते ती थिजलेल्या कुत्र्याबाबत. तो गुरगुरत नाही, हात लावू देतो, उचलू देतो, म्हणून त्याला शांत समजून लहान मुलांच्या घरी देऊन टाकतात. त्याचे स्नायू ताठ आहेत का, तोंड घट्ट मिटलेलं आहे का, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतंय का, श्वास रोखलाय का, ते बघा. असा कुत्रा सहन करत असतो. घरी गेल्यावर आठवडाभराने त्याला थोडा धीर येतो, आणि तेव्हा तो पहिल्यांदा 'नको' म्हणतो, दात दाखवून. उलट गुरगुरणारा कुत्रा सांगून सावध करतो. त्याला गुरगुरल्याबद्दल कधीही रागवू नका. गुरगुरणं बंद पाडलं की भीती तशीच राहते आणि पुढचा चावा सूचना न देता येतो.

प्लास्टिकचा हात जेवणाच्या भांड्यात घालून, शेपूट ओढून, छत्री उघडून बघणं या चाचण्या भेदरलेल्या कुत्र्यावर करू नका. निवाऱ्यातला असा निकाल घरात तसाच निघेल याचा भरवसा नसतो, आणि जमवलेला विश्वास मात्र जातो.

जवळ जाणं: इथेच सगळं बिघडतं

सगळीकडे सांगतात की हातात खाऊ धरा आणि कुत्र्याला जवळ बोलवा. भेदरलेल्या कुत्र्यासाठी हा सल्ला वाईट आहे. भूक त्याला पुढे ओढते, भीती मागे. तो मागचे पाय जागच्या जागी रोवून मान लांब ताणतो आणि तुकडा उचलतो. तुकडा संपला की आपण माणसाच्या हातापासून चार इंचांवर आहोत हे त्याच्या लक्षात येतं. मग तो उडी मारून मागे पळतो, किंवा चावतो. खाऊसाठी जवळ गेलो आणि अडकलो, एवढंच तो शिकतो. ताणलेली मान आणि रोवलेले मागचे पाय दिसले की समजा, तुम्ही त्याला फार जवळ आणलं आहे.

त्याऐवजी खाऊ त्याच्या मागे टाका. उकडलेल्या चिकनचे नखाएवढे, वास येणारे तुकडे घ्या. तो जिथे खाऊ शकतो त्या अंतरावर, बहुधा आठ ते दहा फुटांवर, जमिनीवर बसा. तोंड त्याच्याकडे नको, खांदा त्याच्याकडे असू द्या. तुकडा त्याच्या पलीकडे, तुमच्यापासून दूर पडेल असा हलकेच टाका. त्याला खाण्यासाठी तुमच्यापासून लांब जावं लागतं, म्हणजे खाऊही मिळाला आणि सुटकाही. खाऊन झाल्यावर तो वळतो आणि आपणहून एक पाऊल तुमच्याकडे येतो. या पावलाची वाट बघायची, ते ओढून आणायचं नाही. ते पडलं की पुढचा तुकडा पुन्हा मागे. अंतर कुत्राच कमी करेल.

क्रम उलटा करू नका. आधी माणूस दिसावा, मग खाऊ यावा. पिशवी वाजली, खाऊ पडला आणि मग माणूस आत शिरला असं चार-पाच वेळा झालं, तर खाऊ हाच धोक्याचा इशारा ठरतो आणि कुत्रा चिकनकडेही पाठ फिरवतो. कुत्रा 'खायचा बंद झाला' अशी तक्रार येते तेव्हा हे आधी तपासा.

एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. चांगलं चाललं असताना थांबा. 'आज जमतंय' म्हणून ताणलेली बैठक जवळजवळ नेहमी दचकण्यावर संपते आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही दोन फूट मागे असता.

कुत्रा तुमच्या पायाशी पडलेला तुकडा अंग सैल ठेवून उचलू लागला की मगच स्पर्श. डोक्यावरून हात न्यायचा नाही. छातीच्या किंवा खांद्याच्या बाजूला, बोटांच्या पाठीने, तीन सेकंद. मग हात काढून घ्या आणि बघा. तो जवळ सरकला किंवा तिथेच सैल उभा राहिला, तर पुन्हा तीन सेकंद. ओठ चाटले, जांभई दिली, मान वळवली, पुढचा पाय उचलून धरला, तर आजचं संपलं. एवढं दिसूनही हात तसाच ठेवणारे पुढे 'अचानक चावला' म्हणतात.

बसलेल्या माणसाला सरावलेला कुत्रा तोच माणूस उभा राहिला की पुन्हा कोपऱ्यात जातो. हे मागे जाणं नव्हे, हा वेगळा धडाच आहे. उठून उभं राहणं, चालणं, हातात झाडू असणं, टोपी घालणं, प्रत्येक गोष्ट पुन्हा लांबून सुरू करायची. माणसांचंही तसंच. एका व्यक्तीच्या मांडीवर झोपणारा कुत्रा दुसऱ्याला ओळखत नाही. किमान तीन माणसं, त्यात एक तरी पुरुष, सरावाची झाल्याशिवाय त्याला दत्तक देण्याच्या यादीत घालू नका. माणसांवर जीव टाकणारा एखादा शांत कुत्रा सोबत ठेवता आला, तर हे सगळं कितीतरी लवकर होतं. नवा कुत्रा त्याचं बघून पुढे येतो.

औषध

दोन आठवड्यांच्या नोंदी जागच्या हलत नसतील, तर पशुवैद्यांशी बोला. गॅबापेंटिन किंवा ट्रॅझोडोन काही तासांपुरती भीती उतरवतात, फ्लुओक्सेटिनचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. डोस डॉक्टरच ठरवतील. नुसतं एसेप्रोमाझिन मागू नका. त्याने अंग ढिलं पडतं, भीती आत तशीच राहते.

पिल्लूपणी सुमारे तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात माणसाचा हात कधीच न लागलेला कुत्रा घरात सुखी होईलच असं नाही. बाहेर तो धीट होता, त्याला खायला घालणारी माणसं होती आणि तिथला कायदा परवानगी देत असेल, तर नसबंदी आणि लस करून त्याला त्याच्या जागी परत सोडणं याला हार समजू नका. पिंजऱ्यात वर्षं काढायला लावणं त्याहून वाईट आहे.

पट्टा आणि घर

घाबरलेला कुत्रा पुढे नाही, मागे पळतो, आणि साधा पट्टा कानांवरून सहज निघून येतो. ओढल्यावर मर्यादेत आवळणारा मार्टिंगेल पट्टा आणि बरगड्यांच्या मागून तिसरा बंद असलेलं हार्नेस (छातीभोवती घालायचे पट्टे), दोन्हींना वेगवेगळ्या दोऱ्या. हे सगळं पिंजऱ्यातच सरावाचं करा, मगच बाहेर न्या.

घर निवडताना माणसांचा चांगुलपणा पुरेसा नाही. कमी येजा, शाळकरी वयाहून लहान मुलं नाहीत, रस्त्यावर थेट उघडणारा दरवाजा नाही, आणि शक्यतो घरात आधीचा एक स्थिर कुत्रा असावा. 'हा पाहुण्यांना कदाचित कधीच आपलंसं करणार नाही' हे तोंडावर सांगा. ऐकून मागे सरणारं घर त्या कुत्र्याचं नव्हतंच. शक्य असेल तर आधी काही आठवडे तात्पुरत्या घरी ठेवा. तिथली नोंद निवाऱ्यातल्या कुठल्याही चाचणीपेक्षा खरी असते.

पहिले काही दिवस एकच खोली. नातेवाइकांना बोलावू नका, आंघोळ नाही, फेरफटका नाही. मुख्य दाराच्या आत दुसरी जाळी किंवा फाटक हवंच, आणि मायक्रोचिपच्या (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपच्या) नोंदीत नव्या मालकाचा नंबर कुत्रा दार ओलांडण्याआधी बदललेला हवा.

आणि तो पळालाच, तर हाका मारू नका, पाठलाग करू नका, गर्दी जमवून शोधू नका. मागे लागल्यावर तो आणखी लांब जातो. शेवटचा दिसला तिथे वासाचं अन्न, त्याची चादर आणि कॅमेरा ठेवा. रोज त्याच वेळी अन्न भरा. तो परत परत येऊ लागला की निवाऱ्यातून सापळ्याचा पिंजरा मागवा. आधी पिंजऱ्याचं दार बांधून उघडं ठेवा आणि अन्न रोज थोडं आत सरकवा. तो बिनधास्त आत जाऊन खाऊ लागल्यावर बांधलेलं दार सोडून सापळा लावा.