हिशेबाच्या वहीतून लेखनाकडे

‘मला काही लिहिता येत नाही’ असे म्हणणाऱ्या बहुतेकांच्या घरी एक वही काठोकाठ भरलेली असते, ती म्हणजे हिशेबाची. दूध, किराणा, इस्त्रीचे कपडे, भिशीचा हप्ता असे सारे तिच्यात तारीखवार टिपलेले असते. लेखनाची सुरुवात करू पाहणाऱ्याने नवी कोरी वही विकत आणण्याआधी ही जुनी वही उघडावी, कारण कोऱ्या पानासमोर भलेभले गांगरतात, पण ‘कैऱ्या 2 किलो, बरणी 1’ या नोंदीला कोणी घाबरत नाही.

ही नोंद माझ्या आईच्या वहीतली आहे. तिच्यावर पहिल्यांदा लिहायला बसलो तेव्हा ‘आईच्या हातच्या लोणच्याची सर कशालाच नाही’ असे वाक्य उतरले. ते कोणाच्याही आईला लागू पडले असते, म्हणून खोडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ओळीपाशी बसल्यावर आठवले, की नव्या बरणीच्या तोंडाला दादरा बांधताना आई सुतळीचे एक टोक दातांत धरून गाठ आवळत असे, आणि पुढचे चार दिवस त्या फडताळाकडे आम्हा मुलांना फिरकू देत नसे. सुतळी आठवली आणि पान आपोआप भरले.

तेव्हा रोज एकच नोंद निवडावी, घड्याळ लावून 15 मिनिटे लिहावे आणि तेवढ्या वेळात मागे वळून वाचू नये. वस्तू कोणी आणली, घासाघीस कितीवर तुटली, त्या वेळी घरात कोण रुसले होते, हे स्वतःला विचारावे. माणसे जशी बोलली तशीच कागदावर बोलू द्यावीत. आजी ‘व्हतं’ म्हणत असेल तर तिच्या तोंडी ‘होते’ घालू नये. ऱ्हस्व-दीर्घाची काळजी नंतर करता येते, आणि शुद्धलेखनाच्या धाकाने जितके लेखन अडले तितके आळसाने अडले नसावे, अशी मला शंका आहे.

निवांत वेळ मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. तरीही फलटणला छोटे दुकान चालवणाऱ्या बेबी कांबळे यांनी दुकानात बसूनच, घरच्यांपासून लपवून लिहिले, आणि 1986 साली त्यांचे ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले. ज्यांना लेखणी धरणेच जड जाते त्यांनी मोबाइलवर बोलून ठेवावे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या इतरांनी टिपून ठेवल्या म्हणून आपल्यापर्यंत पोहोचल्या.

आठवडाभराने एक पान मोठ्याने वाचावे. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य मोडावे, आणि ‘सुंदर’, ‘प्रेमळ’, ‘अविस्मरणीय’ यांसारखी विशेषणे गाळून काही बिघडते का ते पाहावे. सहसा बिघडत नाही. मग ते पान त्यात असलेल्याच एखाद्या माणसाला ऐकवावे. ‘कसे वाटले?’ असे विचारू नये, कारण उत्तर ‘छान’ असेच येते. ‘यात काय चुकले?’ असे विचारावे. माझ्या आईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “बरणी एक नव्हतीच, दोन होत्या. दुसरी शेजारच्या काकूंची. त्यांच्या सासूला कळू द्यायची नव्हती म्हणून लिहिली नाही.” दुसऱ्या दिवशीचा विषय मला शोधावा लागला नाही.